रविवारी दिवा लागला नाही

देवघरासमोर कॅमेरा लावायची टूम माझी, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे तो दोष नवऱ्याच्या गळ्यात घालायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला, पण मूळ मीच.

लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली तरी आम्ही दोघं, फक्त दोघं, कुठे म्हणून गेलो नव्हतो. मी पुण्याची. नोकरीसाठी बंगळूरला आले, महादेवपुऱ्यातल्या एका आयटी कंपनीत चिकटले आणि लग्न केलं ते इथल्याच मराठी घरात. सासरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड इतकं की सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही आणि मी नुसती हसून वेळ मारून न्यायची. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून बसवनगुडीच्या घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. वय एक्याऐंशी, तब्येत ठणठणीत, डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस. त्या केसांचा त्यांना फार अभिमान. सकाळी खोबरेल लावून भांग पाडल्याशिवाय ते दाराबाहेरची दुधाची पिशवीसुद्धा आत घेत नसत.

बाबांना एकटं कसं ठेवायचं, या एका प्रश्नापायी आमचे सगळे बेत बारगळत आले. मग नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर जर्मनीला जायचं निघालं, तेव्हा बाबाच मला म्हणाले, "तू पण जा की गं. शनिवार-रविवार दोघं फिरा. मी काय लहान पोर आहे काय?" ठरलं. नवरा शुक्रवारी काम संपवून रेल्वेने प्रागला येणार, मी इथून विमानाने तिथे पोचणार, दोन दिवस राहायचं आणि सोमवारी परत निघायचं.

मला कॅमेरा हॉलमध्ये हवा होता. बाबा भडकले. "माझ्याच घरात मी चोर आहे काय? बेडा म्हणजे बेडा." बेडा म्हणजे नको, आणि बाबांचा बेडा आला की पुढे बोलायची सोय नसते. शेवटी तडजोड झाली. "देवावर ठेव काय ठेवायची ती नजर. माझ्यावर नको." मग मी तो देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर लावला. बाबा गेली साठ वर्षं रोज अकराच्या ठोक्याला पूजा करून समई लावतात. दिवा लागला म्हणजे बाबा ठीक. सारखे फोन करायला नकोत, त्यांनाही ते आवडत नाही. इथे अकरा वाजले की प्रागमध्ये साडेसात. उठायचं, मोबाइलवर दिवा बघायचा आणि फिरायला निघायचं. "ह्यात आवाजही जातो हं बाबा," असं मी त्यांना सांगूनही ठेवलं. ते म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, "मग देवाला शिव्या द्यायच्या नाहीत." देव्हाऱ्यामागे एक पाल राहायची. ती हलली की माझ्या फोनवर सूचना यायची, दिवसातून वीस वेळा. निघायच्या आदल्या दिवशी वैतागून मी त्या सूचना बंद करून टाकल्या.

निघताना बाबांनी माझ्या तळहातावर दही घातलं. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. त्या दिवशी मुकाट्याने चाटलं.

शनिवार फार सुंदर गेला. तसं मी लिहायला नको, पण गेला. दगडी पूल, त्याच्या दोन्ही कडांना काळे पडलेले पुतळे, खाली नदी, आणि बसवनगुडीत माझ्या चार पावलं पुढे चालणारा माझा नवरा इथे चक्क माझा हात धरून चालत होता. "कोणी बघेल," मी म्हटलं. "कोण, ते पुतळे?" तो म्हणाला. सकाळी दिवा लागलेला मी पाहिला होता. समईच्या शेजारी लाल जास्वंद, ताजं. संध्याकाळी नवऱ्याने दोड्डप्पासाठी लाकडी भोवरा घेतला. दोड्डप्पा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, वय शहाऐंशी. लग्न केलं नाही, देवनहळ्ळीला किल्ल्याजवळच्या जुन्या घरात एकटे राहायचे. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू त्यांचं जेवणखाण बघायचे. नवऱ्याला भोवरा फिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. बाबा त्यांना अण्णा म्हणत.

रविवारी मी डोळे चोळत फोन उघडला. साडेसात. देव्हारा दिसला आणि समई काळी.

पाच मिनिटं थांबले. आज उशीर झाला असेल. मग आठवलं, सासूबाई गेल्या तो काळ सोडला तर बाबांना पूजेला उशीर झालेला मी पाहिलेलाच नाही. पावणेआठ. जास्वंद कालचंच होतं, कडा काळपट होऊन आत वळलेल्या. आठ वाजले. मी नवऱ्याला हलवलं. त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांपाशी नेला, जणू तसं केल्याने ज्योत दिसेल.

"फोन लाव," मी म्हटलं.

रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. सहाव्यांदा रिंग वाजताना नवरा पलंगावर बसला होता आणि त्याचा गुडघा हलत होता. बाथरूममध्ये ओली फरशी असते. बाबा आंघोळीआधी पाय धुतात आणि मग तसेच... मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दहा मिनिटांत मी बाबांना तीन ठिकाणी पडलेलं पाहिलं होतं: बाथरूममध्ये, जिन्यात आणि देव्हाऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा बाहेर. ते सगळ्यात वाईट होतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त देव होते. त्यांच्या पायाशी कोण पडलंय हे त्यांना दिसत असेल, मला दिसत नव्हतं.

शेजारचे लोक तिरुपतीला गेलेले. स्वयंपाकाच्या अक्काला रविवारी सुट्टी. ती तिच्या भावाकडे आनेकलला, तिचा फोन लागेना. नवऱ्याने दोड्डप्पांना फोन लावला. तोही वाजून वाजून बंद झाला. "त्यांना ऐकू येत नाही, यंत्र काढून बसले असतील," नवरा म्हणाला आणि पुन्हा लावला. आम्ही त्या सकाळी दोड्डप्पांना चार वेळा फोन केला, हे मी अजून विसरलेले नाही.

नऊ वाजता मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला उठवलं. म्हणजे तिथे साडेबारा, तो जेवायला बसला होता. नागपूरचा माणूस, महादेवपुऱ्यात राहतो, माझ्याशी कामापुरतं बोलणं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तो म्हणाला, "तुम्ही घाबरू नका, निघालोच मी," आणि खरंच निघाला. रविवार असूनही त्याला तासाच्या वर लागला. त्या तासात आम्ही दोघं भांडलो.

"ही दिव्याची अक्कल तुझी," नवरा म्हणाला. "साधा फोन केला असता रोज."

"आणि मग तू का नाही केलास?"

"मी कामात होतो."

"मी काय झोपाळ्यावर बसले होते?"

अशी वाक्यं. मी एक गोष्ट मात्र बोलले नाही आणि आज लिहिते, कारण ती मला अजून बोचते. क्षणभर माझ्या मनात आलं होतं: आजच का? पंधरा वर्षांत दोन दिवस मागितले, त्यातला दुसरा दिवस का? हे बाबांबद्दल आलं, ज्यांनी माझ्या हातावर दही घातलं त्यांच्याबद्दल. मला स्वतःची किळस आली, आणि भीती तशीच राहिली.

सव्वादहाला सहकाऱ्याचा फोन आला. "काका घरी नाहीयेत हो. बाहेरून कुलूप आहे. पण आत फोन वाजून राहिला."

म्हणजे बाथरूममध्ये पडले नव्हते. नवऱ्याने एक मोठा श्वास सोडला आणि मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पूजा न करता, फोन घरात टाकून, कुलूप लावून गेला कुठे? बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना सुद्धा फोन शर्टाच्या खिशात घालून, वर हात ठेवून जातात. विसरायला लागले का? असं एकदम होतं म्हणतात. माणूस घराबाहेर पडतो आणि परत यायचा रस्ता पुसला जातो. सहकारी देवळात बघून आला, बागेत बघून आला, फुलवाल्या बाईला विचारून आला. कोणाला दिसले नव्हते.

हॉटेलच्या खोलीत आमचा जीव गुदमरायला लागला म्हणून खाली उतरलो. पाय नेतील तिकडे गेलो आणि जुन्या चौकात त्या प्रसिद्ध घड्याळापाशी पोचलो. आदल्या दिवशी गर्दी बघून म्हटलं होतं, उद्या सावकाश पाहू. बारा वाजायला आले होते, लोक माना वर करून उभे. ठोके पडायच्या वेळी त्या घड्याळातला एक सापळा घंटेची दोरी ओढतो. हाडांचा हात खाली-वर होत होता आणि सगळ्यांनी मोबाइल वर धरले. आमच्याही हातात मोबाइल होता. त्यात काळी समई होती. मी तिथेच दगडांवर खाली बसले. नवरा शेजारी बसला आणि म्हणाला, "एक वाजेपर्यंत बघू. मग पोलिसांत कळवायला सांगू." त्याने पुन्हा माझा हात धरला, पण तो कालचा हात नव्हता, बर्फ होता.

एकला पाच कमी असताना फोन आला.

"आले हो काका! रस्त्यानं चालत येऊन राहिले."

मी रडायलाच लागले. नवरा ओरडला, "दे, त्यांना दे!" पलीकडे काही कुजबुज झाली. मग लांबून बाबांचा आवाज आला: "मी बरा आहे म्हणून सांग. फोन बेडा." सहकारी ओशाळून म्हणाला, "नाही म्हणतात. बसनं आले म्हणे. दमलेले दिसतात, डोक्याला पंचा गुंडाळलाय. पण ठीक आहेत. व्हिडिओ लावतो म्हटलं तर हात हलवून राहिले, नको म्हणून."

भीती गेली असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती गेली नाही, तिने फक्त कूस बदलली. जो माणूस आमच्याशी बोलायला एरवी फोनवर धावतो, तो बोलत का नाही? डोक्याला पंचा का? पडले का, लागलं का, काही झाकतायत का? संध्याकाळी पुलावर परत गेलो, कारण खोलीत बसवेना. पुतळे तेच होते. आम्ही एकही फोटो काढला नाही. सोमवारी सकाळी साडेसातला मी फोन उघडला. समई काळी. बाबांना फोन केला तर त्यांनी उचलला, म्हणाले, "या सावकाश. मी आहे ना," आणि माझा पुढचा शब्द यायच्या आत ठेवून दिला.

मंगळवारी पहाटे विमान उतरलं. विमानतळ देवनहळ्ळीला लागूनच. टॅक्सी हमरस्त्याला लागताना नवरा म्हणाला, "दोड्डप्पांकडे पाच मिनिटं डोकावू? भोवरा देऊन येऊ." मी म्हटलं, "आधी घरी. बाबांना बघू दे मला. रविवारी येऊ की." किल्ल्याकडे जाणारा फाटा मागे गेला.

बाबा फाटकात उभे होते. अंगावर साधं धोतर, डोक्याला कानटोपी, कान झाकून गळ्याशी बंद केलेली. बंगळूरच्या पहाटेला कानटोपी काही नवल नाही. मी वाकले तसे ते दोन पावलं मागे सरले. "नको, नको. आधी हातपाय धुवा. जेवायला बसा."

"सकाळी आठ वाजता?"

"होय की. प्रवासातून आलात."

टेबलावर मेसमधून आणलेलं जेवण मांडलं होतं. चित्रान्न, कोशिंबीर, आणि होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वर तूप. बाबा लांब खुर्चीवर बसले होते. "तुम्ही?" "माझं झालं." आम्ही खात होतो आणि ते आमच्या ताटाकडे बघत होते. "अजून एक घे," ते मुलाला म्हणाले, "तुला आवडते." नवऱ्याने घेतली. माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. जास्वंद अजून तेच, वाळून काळं.

आमची ताटं रिकामी झाल्यावर बाबांनी कानटोपी काढली.

डोकं तुळतुळीत होतं. एकही केस नव्हता. मी असल्या रितींना हसत असले तरी एवढं मला कळतं, की म्हातारा माणूस हौसेनं असं डोकं करत नाही.

"अण्णा गेले," बाबा म्हणाले. "रविवारी पहाटे. झोपेतच. पाच वाजता भाडेकरूचा फोन आला."

दोड्डप्पांना मूलबाळ नाही. अग्नी बाबांनीच दिला. एक्याऐंशीव्या वर्षी, बस बदलत बदलत देवनहळ्ळीला जाऊन, एकट्याने. आणि सुतकात देवाला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही. साधी गोष्ट. माझा नवरा या घरात वाढला, त्याला ती लहानपणापासून ठाऊक. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात आली नाही. दिवा नाही म्हटल्यावर आम्हाला एकच मरण दिसलं.

"मला का नाही कळवलं?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाबा, मला का नाही कळवलं?"

"कळलं की लागतं सुतक. तुझे काका ते. ऐकलंस की त्या क्षणापासून तुला लागतं, कुठेही असलास तरी. नाही ऐकलंस तर नाही लागत." बाबा कानटोपीची घडी घालत होते, उघडत होते, परत घालत होते. "पंधरा वर्षांत एकदा गेलात दोघं. तिथं मी सुतक पाठवू काय? आणि फोन उचलला असता तर मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून घरीच ठेवून गेलो."

म्हणून गोडाचं जेवण आधी. म्हणून फाटकात दोन पावलं मागे. नवरा उठला, त्यांच्यापाशी गेला आणि त्या उघड्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने रडला. आता शिवायला हरकत नव्हती. आता सगळ्यांनाच लागलं होतं. भोवरा बॅगेत तसाच होता.

मला मात्र रागही आला, तो लपवत नाही. मनात म्हटलं, एवढा विचार केलात आमचा, मग दिव्याचा विचार कसा नाही केलात? तिथे आमचं काय होईल हे कसं सुचलं नाही? तेरा दिवस हा प्रश्न मी ओठाशी आणून गिळत राहिले. अशा घरात कोणाला काय विचारणार?

चौदाव्या दिवशी बाबांनी पुन्हा समई लावली. मी ठरवलं, हा कॅमेरा आता नको. स्टुलावर चढून भिंतीवरून काढला आणि आतलं कार्ड पुसायच्या आधी लॅपटॉपला लावलं. तो सगळं साठवून ठेवत होता. हे मला माहीत होतं, मीच तो बसवला होता. आम्ही दोघांनी मिळून तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत आणि त्या रविवारी दोघांपैकी एकालाही मागचं उघडून बघायचं सुचलं नाही. आम्ही फक्त समोरची काळी समई बघत बसलो.

रविवार, सकाळी पावणेसहा. प्रागमध्ये आम्ही झोपेत. बाबा चौकटीत येतात. धुतलेला सदरा, खांद्यावर पंचा, केसांना खोबरेल, नीट भांग. त्या दिवशी दुपारी ते केस जायचे होते. ते देव्हाऱ्यासमोर उभे राहतात. हात सवयीने काडेपेटीकडे जातो, तिथेच थांबतो आणि मागे येतो. मग ते वळतात आणि ज्या कॅमेऱ्याला त्यांनी कधी तोंड दाखवलं नव्हतं त्याच्यासमोर, अगदी जवळ, येऊन उभे राहतात. डोळे सुजलेले. एक हात वर करतात, लहान मुलाला टाटा करतात तसा.

"आज दिवा लागणार नाही हं," ते म्हणतात. "घाबरू नका. मी आहे."